न ओढलेली विडी

नाना, तुमच्या शोकसभेत अध्यक्षांनी तुम्हाला विडी ओढायला लावली.

व्यापारी संघटनेचा तोच हॉल, त्याच लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि स्टेजवर हार घातलेला तुमचा फोटो. अध्यक्षांनी माइकवर टिचकी मारून पाहिली, घसा खाकरला आणि म्हणाले, "नानांसारखा माणूस पुन्हा होणे नाही. पण तरुणपणच्या एका वाईट सवयीनं त्यांचा घात केला. मित्रहो, विडी-सिगारेटपासून लांब राहा, हीच नानांना खरी श्रद्धांजली ठरेल." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी हळहळलं, "एवढा शहाणा माणूस, आणि विडीनं गेला बघा."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी ताडकन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोटोत तुम्ही हसत होतात, तेच हसू, समोरच्याला पटवायचं असलं की चेहऱ्यावर आणायचात ते. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. लोकांना वाटलं, ताईंना रडू आवरत नाही. रडू कसलं? राग होता, आणि तो अध्यक्षांवर थोडाच होता. त्या बिचाऱ्यांनी तुम्ही गावभर पेरलेलीच गोष्ट माइकवरून वाचून दाखवली.

विडीचं सोडाच, तुम्हाला पानातल्या चुन्यानंही ठसका लागायचा. माझ्या गाडीत उदबत्तीच्या वासाचा तो डबा ठेवला होता तर धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत खिडकी उघडी ठेवून बसलात, वर "हा वास काढ नाहीतर मला उतरव" म्हणालात. असा माणूस दिवसाला बंडल संपवत होता म्हणे. खोटं बोलायचंच होतं तर जरा शोभेल असं तरी बोलायचं होतं.

सभेच्या बाहेर एकानं मला गाठून विचारलं, "तुमचं ते मंडळ नेमकं काय करायचं हो?" मी रागात होते, म्हणून धड उत्तर दिलं नाही. आता देते. कागदावर आपलं नाव लांबलचक होतं, व्यापारी संघटनेचं लहान उद्योगांसाठीचं पर्यावरण सल्लागार मंडळ. गावानं त्याचं केलं नाली कमिटी, कारण आपण कुठेही गेलो की आधी नाली बघायचो. कागदावर बरेच सदस्य होते. गाडीत आपण दोघंच. तुम्ही उभं आयुष्य डाळ मिलची यंत्रं बनवण्यात आणि बसवण्यात घालवलेले, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. प्रदूषण मंडळाची नोटीस आली की लहान कारखानदाराची पाचावर धारण बसते. तो धावत एजंटाकडे जातो, एजंट फाइल रंगवून देतो, आणि नाली जशीच्या तशी वाहत राहते. आपण फाइलला हात लावायचा नाही, नालीला लावायचा, असं तुम्ही ठरवलं. फी नाही, फोटो नाही, आणि सगळ्यात मोठा नियम, आत पाहिलं ते बाहेर न्यायचं नाही. ना प्रदूषण बोर्डाकडे, ना पेपरात, ना शेजारच्या कारखान्यात.

पहिल्याच भेटीत तुम्ही माझी जी खरडपट्टी काढलीत ती मी विसरणार नाही. फैजपूरजवळचा केळीच्या वेफर्सचा कारखाना होता. मी मास्क, हातमोजे, पाणी तपासायच्या पट्ट्या, बाटल्या अशी सगळी जय्यत तयारी करून गाडीतून उतरले. मालकानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "कोणी आजारी आहे का मॅडम?" मग टाकीचं झाकण गंजलंय, उघडत नाही, माणूस सुट्टीवर आहे, अशी एकेक सबब निघायला लागली. तुम्ही मला बाजूला घेतलंत. शुद्ध बोलता बोलता रागावलात की तुमची अहिराणी बाहेर यायची. "ताई, ज्याना घर जावानं, त्याना घरमा नाक धरानं नही," म्हणालात. माझ्या सगळ्या सामानाकडे बोट दाखवलंत, "हाई सोड बठ्ठं."

आणि मला शिकवायला म्हणून तुम्ही स्वतःच्या खांद्यावरचा पंचाही काढून घडी करून पिशवीत टाकलात. उगाच तोंड पुसायच्या निमित्तानंही तो नाकाशी जायला नको. आत गेलात, जळक्या तेलाच्या धुरात छाती भरून श्वास घेतलात आणि म्हणालात, "वा, आज घाणा जोरात!" कढईजवळ उभं राहून गरम वेफर्स खाल्लेत, बर्नरची ज्योत पिवळी का येते ते सांगितलंत, ती निळी करून दाखवलीत. तासाभरात मालक स्वतःच पहार घेऊन आला आणि गंजलेलं झाकण उचललं. खालून सगळं तेलकट पाणी थेट शेताच्या चारीत जात होतं. पुढच्या खेपेला तिथे तेल अडवायची खणांची टाकी बांधून झाली होती, आणि मालक आपल्याला ती कौतुकानं दाखवत होता.

हे मी नाकारत नाही. आज रागाच्या भरात सुद्धा नाकारणार नाही. मी वर्गात फळ्यावर जे लिहीत होते ते रस्त्यावर कसं आणायचं हे तुम्ही मला शिकवलंत. पिंपळनेरच्या भात गिरणीवाल्यानं कोंडा उघड्यावर जाळणं बंद केलं ते तुमच्यामुळे. मी शंभर व्याख्यानं दिली असती तरी त्यानं काडी लावायची थांबवली नसती. दीपनगरच्या वीजकेंद्राजवळ त्या राखेच्या विटांच्या शेडमधून बाहेर पडलो तेव्हा तुमच्या भुवया, मिश्या, कानावरचे केस सगळं पांढरं झालं होतं. गाडीच्या आरशात बघून म्हणालात, "ताई, आत गेलो तेव्हा काळा होतो ना गं मी?" मला हसता हसता रडू आलं होतं. आणि महिनाभरानं त्या मालकानं राखेच्या ढिगावर पाणी मारायचे फवारे बसवले.

पण त्या हसण्यातसुद्धा मी तुम्हाला म्हटलं होतं, नाना, पंचा बांधला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, "मग फवारे बसले नसते."

हेच आपलं भांडण. प्रत्येक खेपेला गाडीत बसलं की सुरू, एरंडोलच्या फाट्यापर्यंत चढायचं, पुढे तुम्ही चहाला थांबायचात. मी फैजपूरनंतर हातमोजे सोडले, बाटल्या सोडल्या, पण मास्क सोडला नाही. तुम्ही फाटकातच माझी वकिली करायचात, "ताईंना जरा ॲलर्जी आहे, मनावर घेऊ नका." मला ॲलर्जी नव्हती, अक्कल होती. कोरोनाच्या काळात तर तुम्ही कहर केलात. सगळं जग तोंड बांधून फिरत होतं. तुम्हीही रस्त्यानं मास्क लावून यायचात, आणि मिलच्या दारात आलात की चप्पल काढावी तसा मास्क काढून खिशात घालायचात! मी तेव्हा तुमच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

आणि तुमचा तो विनोद. सुभाषशेठच्या डाळ मिलमध्ये पहिल्यांदा केलात. आत शिरल्यावर समोरचं माणूस दिसेना इतकी धूळ. तुरीची टरफलं, चुनी, भुकटी, सगळं हवेत. सुभाषशेठ ओशाळले, हात जोडून म्हणाले, "नाना, जरा धूळ आहे." तुम्ही काय म्हणालात? "अहो शेठ, ही काय सिमेंटची धूळ आहे? ही पुरणाची आहे!" ते मोकळेपणानं हसले. चाळणीवर काम करणाऱ्या बायका हसल्या. त्या मिलमध्ये तुमची तिथूनच घसट वाढली. यंत्रं तुम्हीच बसवलेली, त्यामुळे तुम्हाला ती माहेरासारखी. जळगावात आलात की कामाशिवायही तिथे जाऊन बसायला लागलात, चाळणीच्या बाजूला स्टूल टाकून. पुढे प्रत्येक डाळ मिलमध्ये तोच विनोद. मला पाठ झाला होता.

मी विचारायचे, "मालक हसला, ठीक. पण दिवसभर त्यात उभ्या राहणाऱ्या बायकांचं काय?" तुमचं उत्तर ठरलेलं. बोर्डाच्या माणसाला बघून मालक नाली झाकतो, आपल्याला बघून उघडतो. त्यांचंही होईल. आधी दार तर उघडं राहू दे. दार, दार, दार. जणू जगात एकच वस्तू होती.

मग तुमचा खोकला सुरू झाला. आधी म्हणालात, अक्काच्या फोडणीनं. मग म्हणालात, थंडीनं. जिना चढताना कठड्याला धरून उभे राहायला लागलात आणि जिन्याच्या पायऱ्या उंच बांधल्यात म्हणून गवंड्याला नावं ठेवलीत. शेवटी नवऱ्याची ही दशा बघवेना म्हणून अक्कांनी मला फोन केला. मी जळगावहून आले, तुम्हा दोघांना गाडीत घातलं आणि धुळ्यातल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्या खोलीतला प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो. डॉक्टर तरुण होते, पण नीट विचारत होते. फुप्फुसं जाड होत चाललीत म्हणाले. फोटो उजेडाला धरून आम्हाला दाखवला. मग विचारलं, "कधी धुळीत काम केलंय? गिरणी, कापूस, धान्य?"

तुम्ही म्हणालात, "छे. मी ऑफिसातला माणूस. तरुणपणी विडी होती डॉक्टर. दिवसाला बंडल."

मी अक्कांकडे बघितलं. अक्का जमिनीकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं तर तुम्ही टेबलाखालून माझा हात दाबलात, इतका जोरात की बांगडी रुतली. डॉक्टरांनी विडी लिहिलं, औषधं लिहिली, "आता ओढत नाही ना?" विचारलं. तुम्ही लहान मुलासारखी मान हलवलीत.

बाहेर व्हरांड्यात मी ओरडले. बाकावरचे पेशंट बघायला लागले तरी मी थांबले नाही. तुम्ही दम घेत घेत, शांतपणे मला समजावलंत, जसं काही चूक माझीच होती. "ताई, नाली कमिटीचा नाना डाळ मिलच्या धुळीनं आजारी पडला, हे एकदा गावात गेलं ना, की कुठलाच मालक फाटक उघडणार नाही. म्हणेल, उद्या माझ्या मिलमधून गेलेला माणूस माझंच नाव घेईल. एवढ्या वर्षांत जे उघडलं ते सगळं बंद होईल. विडीवर कोणाचं काही जात नाही."

"तुमचा जीव जातो!"

"तो कसाही जाणारच."

नाना, तुमच्या या शांतपणाची मला चीड येते. तुम्ही मोठं काहीतरी करताय असं तुम्हाला वाटत होतं. डॉक्टरांना धूळ सांगितली असती तर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली असती, मिलमध्ये पाऊल टाकू नका. तुम्ही विडी सांगितलीत, म्हणून त्यांनी विडी बंद केली, जी चालूच नव्हती. आणि तुम्ही पुढच्याच आठवड्यात सुभाषशेठच्या मिलमध्ये धूळ ओढायचा पंखा बसवायला हजर. तोंड उघडं. मी गाडी द्यायला नकार दिला तर एसटीनं आलात.

मी अक्कांना कितीदा म्हटलं, तुम्ही तरी डॉक्टरांना सांगा. परवा दहाव्याला त्यांच्याजवळ बसले होते. त्या स्वतःहून बोलल्या. "त्यास्नी जिंदगीमा विडीले हात लावा नही, ताई. आते बठ्ठं गाव म्हणस, नाना विडी पेत." आणि थोड्या वेळानं, "नाना माले म्हणनात, तू चूप ऱ्हाय. मी चूप ऱ्हायनू." त्या रडत नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुम्ही त्यांच्याकडून शब्द घेतलात, जन्मभर तुमच्या स्वयंपाकात तिखट कमी टाकणाऱ्या त्या बाईकडून. हा शब्द मागायचा तुम्हाला काय अधिकार होता?

तुमच्या मागे मी तुम्हाला एकटीनं दोष दिला असता आणि गप्प बसले असते, असंही मला वाटून गेलं. तुमचा जीव, तुमचा निर्णय. दारं उघडी राहिली, चला, तेवढं तरी मिळालं. मी स्वतःला असं समजावत होते, मंगळवारी सुभाषशेठच्या मिलमध्ये जाईपर्यंत.

तो धुळीचा पंखा तुम्ही अर्धवट ठेवून गेलात. त्यांचं बोर्डाचं संमतीपत्र नव्यानं व्हायचं आहे, पंखा चालू असल्याशिवाय होणार नाही. म्हटलं, तुमचं राहिलेलं काम पुरं करावं. सुभाषशेठ फाटकापर्यंत आले. मला बघून त्यांना रडू फुटलं, खरंखुरं. मोठा भाऊ गेला म्हणाले. ऑफिसात तुमचा फोटो लावलाय, रोज हार बदलतात. काचेवर पिवळी भुकटी बसली होती, ती त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या रुमालानं पुसली. वाईट माणूस नाही तो, नाना, हे मलाही माहीत आहे. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

आम्ही आत गेलो. पट्टा बदलायला मिल थांबवली होती, म्हणून आवाज नव्हता, पण धूळ अजून खाली बसली नव्हती. चाळणीजवळ चौघी-पाचजणी बसल्या होत्या. त्यातली कमलबाई, तुमची लाडकी, चहा आणून देणारी. तिनं नाकातोंडावरून फडकं बांधलं होतं आणि ती खोकत होती. तो खोकला मी ओळखला. तुमच्या शेजारी गाडीत बसून तो मी ऐकलाय. कोरडा, खोल, आणि संपता संपत नाही असा.

सुभाषशेठ तिला म्हणाले, मायेनंच म्हणाले, "अगं कमल, सोड ते फडकं. ताई काय म्हणतील? नाना इथं तासन्‌तास बसायचे. कधी तोंड बांधलं का त्यांनी? एवढा जाणता माणूस. ही धूळ वाईट असती तर बसले असते का? पुरणाची धूळ आहे म्हणायचे." मग माझ्याकडे वळून, कौतुकानं, "मी सगळ्यांना हेच सांगतो. नानांनीच आम्हाला पास केलंय."

कमलबाईनं फडकं सोडलं. लाजून सोडलं, पाहुण्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरावा तसं.

मी खरंच सांगते, त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला गदागदा हलवलं असतं. दार उघडं ठेवलंत ना? बघा त्यातून काय आत गेलं. तुम्ही मालकाचा मान राखायला तोंड उघडं ठेवलंत, आणि तुमचं ते उघडं तोंड त्यांनी या बायकांना दाखवलं. बोर्डाच्या साहेबाचा शब्द त्यांनी मानला नसता. माझा तर नाहीच, मला ॲलर्जी आहे. पण नाना बसायचे! तुम्ही आयुष्यभर एकही दाखला लिहून दिला नाहीत याचा तुम्हाला अभिमान होता. हा दाखला तुम्ही रोज देत होतात, प्रत्येक श्वासाला, प्रत्येक मिलमध्ये. आणि तो खोटा ठरवणारी एकच गोष्ट होती, तुमचं मरण. तेही तुम्ही विडीच्या नावावर करून गेलात.

मग मी नियम मोडला. आत पाहिलेलं बाहेर नेलं नाही, पण बाहेरचं आत आणून ओतलं. मिल बंद होती, सगळ्यांना ऐकू गेलं. म्हटलं, "शेठ, नाना विडीनं गेले नाहीत. नानांनी विडी कधी ओढलीच नाही. नाना या धुळीनं गेले. तुमच्या एकट्याच्या नाही, सगळ्या मिलच्या, पण याच धुळीनं. फुप्फुसाचा फोटो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. कमलबाई, ते फडकं आधी बांध. हिला आजच छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि डॉक्टरांना धूळ सांगा."

सुभाषशेठचा चेहरा उतरला. आधी त्यांना कळेना, मग कळलं, मग चेहरा कठीण झाला. "ताई, तुम्ही नानांच्या माघारी नानांना खोटं पाडताय," म्हणाले. "त्यांचं नाव घेऊन माझ्या मिलला बट्टा लावताय. नानांनी असं कधी केलं नसतं."

"नसतंच केलं," मी म्हटलं. "म्हणून तर."

"तुम्ही उद्यापासून येऊ नका."

तुमचं म्हणणं खरं निघालं, घ्या. संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा फोन आला. दोन मिलवाल्यांनी आणि एका चटईच्या कारखान्यानं कळवलंय, सध्या सल्ल्याची गरज नाही. अध्यक्ष म्हणाले, थोडे दिवस शांत राहा ताई, मंडळाचं पुढे बघू. म्हणजे मंडळ संपलं. तुम्ही वर्षानुवर्षं श्वास देऊन जे उभं केलंत ते मी एका दुपारी पाडलं, असं उद्या लोक म्हणतील. म्हणू देत. मला त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. ते पांढऱ्या भुवयांचे नाना आठवतात. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. फवारे, टाक्या, पंखे हे सगळं माणसांसाठी होतं ना? की दारांसाठी?

हे सगळं मी तुम्हाला भांडून सांगितलं असतं आणि एरंडोलच्या चहावर विसरले असते. पण एक गोष्ट मी विसरू शकत नाही, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले.

मी मिलमधून निघाले तेव्हा कमलबाई मागून फाटकापर्यंत आली. फडकं हातात होतं. मला म्हणाली, "ताई, नानाले हाई माहीत व्हतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. तुम्ही मला ते छान शिकवलंय. मी म्हटलं, "हो. माहीत होतं."

तिला पुन्हा ती उबळ आली, ती थांबेपर्यंत मीही थांबले. मग म्हणाली, "त्यास्ना चहावर मी रोज बशी झाकी. धूळ नको पडाले म्हणीसन."

एवढंच. चिडली नाही, रडली नाही. आत पट्टा चढल्याचा आवाज आला, तशी तिनं फडकं झटकलं, नाकावरून घट्ट बांधलं आणि कामावर गेली. जे विचारायचं होतं ते तिनं मला विचारलं नाही. तुमच्याबद्दल तसं विचारणं तिला बरं वाटलं नसावं, म्हणून मी विचारते, नाना. तिला का नाही सांगितलंत?